फुशारकी मारणारं पात्र आणि दर रविवारी अडणारा खेळ

तक्रार साधारण अशी येते: "आमच्या गटात एकाने बढाईखोर योद्धा घेतलाय. सुरुवातीला मजा आली. आता त्याने तोंड उघडलं की बाकीचे मोबाइल काढतात." ठाण्यात पाचपाखाडीला मी रविवारचा रोलप्लेइंगचा खेळ घेते, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र चालवायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. नेरूळ, ऐरोली, घोडबंदर रोड या पट्ट्यातले जे गेम मास्टर, म्हणजे असा खेळ चालवणारे, ओळखीचे आहेत, त्यांच्याकडूनही हेच ऐकू येतं. गट वेगळा, नियमावली वेगळी, रडगाणं तेच. मग कुणी ते पात्र मारून टाकतं, कुणी खेळाडूला समज देतं, आणि काही महिन्यांनी दुसरा कुणीतरी तसलंच पात्र घेऊन हजर होतो. होणारच, कारण कल्पना मुळात फार चांगली आहे. स्वतःच्या कुवतीचा अंदाज चुकलेला माणूस कुठल्याही गोष्टीत जीव आणतो. तेव्हा हे पात्र बंद कसं करायचं ते मी सांगणार नाही, नीट कसं चालवायचं ते सांगते.

आधी बघा, बिघाड कुठे आहे

एकाच तक्रारीखाली चार वेगळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पहिला फाशांचा: पात्र म्हणतं "मला जमतं", फासा चांगला पडतो, आणि खरंच जमतं. मग त्याचा आत्मविश्वास फाजील आहे हे कुणाला कळणार? दुसरा खेळाडूचा: एरवी पात्र शेखी मिरवतं, पण खरा धोका समोर आला की अचानक समंजस होतं, कारण खेळाडूला आपल्या पात्राचे आकडे पाठ असतात. तिसरा पार्टीचा, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या पात्रांच्या चमूचा: चूक एकाची, मार सगळ्यांना. आणि चौथा सुराचा: पात्राचा विदूषक झालेला असतो, एकच विनोद घासून घासून गुळगुळीत झालेला.

मागच्या दोन-तीन सेशन आठवा आणि लोक कुठल्या क्षणी वैतागले ते शोधा. बढाई मारताना वैतागले असतील तर चौथा. बढाईचा परिणाम भोगताना वैतागले असतील तर तिसरा. कुणी वैतागलं नाही, पण पात्राचा स्वभाव कुणाच्या लक्षातच आला नाही, असं असेल तर पहिला किंवा दुसरा. हे न बघता थेट उपाय सुरू केले तर भलतीकडेच मलम लागतं.

त्याला खरंच तसं वाटतं का?

हा प्रश्न खेळाडूला विचारा, सगळ्यांदेखत नको, खेळाआधी. थापाड्या माणसाला आपण थाप मारतोय हे माहीत असतं, म्हणून तो वेळ आली की काढता पाय घेतो. ते वेगळं पात्र, त्याचे नियम वेगळे. आपण बोलतोय त्या पात्राला स्वतःचं खरंच पटलेलं असतं.

महाभारताच्या विराटपर्वातला राजपुत्र उत्तर घ्या. कौरवांनी गाई वळवून नेल्याची बातमी येते तेव्हा तो अंतःपुरात बायकांसमोर सांगतो की आपल्याला एक चांगला सारथी मिळाला तर कौरवांना आपण एकटे पुरून उरू. बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन सारथी म्हणून येतो, रथ निघतो, समोर भीष्म, द्रोण, कर्ण यांची सेना दिसते आणि राजपुत्र रथातून उडी टाकून पळत सुटतो. माझ्या मते राजवाड्यात तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या बोलण्यातली ती सारथ्याची अट बघा. बाकी सगळं आपल्यात आहे, कमी आहे ती एकाच गोष्टीची, आणि ती गोष्ट बाहेरची आहे. ज्याला स्वतःबद्दल खरा गैरसमज असतो त्याच्याकडे अशी एक अट नेहमी तयार असते. म्हणून कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावर, स्वभावाच्या रकान्यात "बढाईखोर" असं लिहू नका. त्याऐवजी एक वाक्य पुरं करा: "फक्त अमुक असतं, तर मी तमुक करून दाखवलं असतं." या एका वाक्यावर खेळाडू बरेच महिने काढू शकतो.

दुसरी गोष्ट, गैरसमज हवेतून येत नाही. त्याच्या बुडाशी थोडं खरं कौशल्य असतं. आमच्याकडे सध्या १७३७ च्या सुमाराचा ठाणे-साष्टीचा मुलूख घेऊन खेळ चालू आहे. मराठ्यांनी त्या साली पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं आणि १७३९ मध्ये वसई पडली, त्या मधल्या धामधुमीचा काळ. त्यात हैबती नावाचं पात्र आहे, जकातीच्या चौकीवरचा कारकून. हिशेब चोख, अक्षर मोत्यासारखं, पोर्तुगीज कामापुरती येते. वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या मचव्यांच्या नोंदी ठेवून त्याची समजूत झाली आहे की ठाण्याची खाडी आपल्याइतकी कुणालाच कळत नाही. हे पात्र टिकलं याचं कारण इथे आहे. चौकीत बसून जे कळतं ते त्याला खरोखर कळतं. चौकीच्या बाहेर काय आहे हे कळत नाही, आणि आपल्याला ते कळत नाही याचा त्याला पत्ता नाही.

फासे त्याला खरं ठरवतात

सगळ्यात जास्त गट इथे अडकतात आणि दोष खेळाडूला देतात, म्हणून इथे जरा थांबू.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीत वीस बाजूंचा एक फासा टाकायचा (यालाच रोल म्हणतात), त्यात कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि ठरलेलं लक्ष्य गाठायचं. मध्यम अवघड कामाचं लक्ष्य १५. हैबतीचं शहाणपण १०, रानावनाचं आणि पाण्याचं प्रशिक्षण नाही, म्हणजे त्याच्या रोलमध्ये मिळवायला शून्य. त्याच पार्टीतल्या तांडेलाचं, म्हणजे नावेवरच्या म्होरक्याचं, शहाणपण १६, म्हणजे अधिक ३, आणि प्रशिक्षणाचे अधिक २, एकूण ५. आता दोघांनी १५ गाठायचे म्हटलं तर हैबतीला ३० टक्के संधी आणि तांडेलाला ५५ टक्के. ज्याला काही येत नाही तो तीनातून जवळजवळ एकदा जिंकतो. ज्याचा जन्म खाडीत गेला तो जवळपास निम्म्या वेळा हरतो. त्यात कुणी हैबतीला मदत केली आणि नियमाप्रमाणे दोन फासे टाकून चांगला घ्यायची मुभा मिळाली, तर त्याची संधी ५१ टक्क्यांवर जाते. अशा खेळात हैबती म्हणाला "मला खाडी कळते", तर चार रोलनंतर बाकीच्यांनाही ते पटायला लागेल. खेळाडूने अभिनय कितीही जीव तोडून केला तरी आकडे त्याला उघडं पाडतात.

सुधारणा चार प्रकारे करता येते. मी चौथीवर सगळ्यात जास्त विसंबते, पण पहिल्या तीनही हाताशी असाव्यात.

एक, फासा टाकायचाच नाही. पाचव्या आवृत्तीचा नियमच आहे की निकाल अनिश्चित असेल तेव्हाच रोल. हैबतीला जे जमणं शक्यच नाही तिथे फासा हातात देऊ नका, काय झालं ते सरळ सांगा. तांडेलाला जे झोपेतही जमतं तिथेही रोल नको. दोघांमधला फरक फाशाआधीच दिसून जातो.

दोन, लक्ष्य चढवा. २० च्या लक्ष्याला हैबतीला ५ टक्के उरतात, तांडेलाला ३०. पण तांडेलाचंही पडतं हे विसरू नका, त्याच्या खेळाडूला ते खुपतं. सरसकट वापरण्याचा हा उपाय नाही.

तीन, वीस बाजूंच्या एका फाशाऐवजी सहा बाजूंचे साधे तीन फासे टाका. तीन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांकडे झुकते, नशिबाचा जोर कमी होतो. लक्ष्य १५ च ठेवलं तर हैबतीची संधी ९ टक्क्यांवर येते आणि तांडेलाची ६२ च्या वर जाते. पंचवीस टक्क्यांची दरी त्रेपन्नाची होते. ज्या गटाला पाचवी आवृत्ती सोडायची नाही, पण कौशल्याला किंमत यावी असं वाटतं, त्यांनी एक सेशन हे करून बघावं. मात्र लढाईचे बाकी नियम वीसच्या फाशावर बेतलेले असतात, तेव्हा हे लढाईबाहेरच्या रोलपुरतंच ठेवा.

चार, नशिबाने आलेलं यश यश म्हणूनच द्या, पण ते कशामुळे आलं हे सगळ्यांना दिसू द्या. हैबतीने २० टाकला तर तो जिंकला, त्यात काटछाट नको. खेळाडूचा तो हक्क आहे. मी वर्णन करताना एवढंच सांगते की त्याने नाव ज्या वाटेने नेली तिथे वाळूचा बांध होता, पण आदल्या रात्रीच्या उधाणाने तो फोडला होता. तांडेलाने ते पाहिलं आणि तो गप्प राहिला. हैबतीने पाहिलंच नाही. खेळाडूंना कळतं, पात्राला कळत नाही, आणि त्याचा गैरसमज आणखी घट्ट होतो. रात्री धर्मशाळेत तो हाच प्रसंग सांगेल तेव्हा टेबलावरच्या प्रत्येकाला ऐकायला मजा येईल. फाशाने ज्याला खरं ठरवलं तोच फासा आता त्याचा गैरसमज पोसतो.

माहितीच्या रोलसाठी आणखी एक सोय आहे. पाथफाइंडर या नियमावलीच्या दुसऱ्या आवृत्तीत एखादी गोष्ट आठवते का हे बघण्याचा रोल गेम मास्टर लपवून टाकतो, आणि लक्ष्यापेक्षा १० किंवा त्याहून जास्त आकड्यांनी चुकलं तर पात्राला चुकीची माहिती मिळते. त्यातली एक खुबी, म्हणजे पात्रासाठी निवडायचं खास कसब, घेतली तर साध्या अपयशातही एक खरी आणि एक खोटी गोष्ट कळते, कुठली कुठली ते कळत नाही. ही पद्धत दुसऱ्या कुठल्याही नियमावलीत उचलून नेता येते. खेळाडूने ४ टाकलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की तो त्या माहितीवर विश्वास ठेवल्याचं नाटक करतो. पडद्याआड टाकलेला रोल पाहिलाच नाही, तर नाटक करावं लागत नाही.

खाडीकाठचा प्रसंग

खेळाडूने नेमकं काय करायचं, हे सांगायला आमच्या टेबलावरचा एक तुकडा देते. पार्टीला ठाण्याच्या काठावरून कळव्याच्या बाजूला जायचं होतं, नाव मिळत नव्हती. हैबती म्हणाला, ओहोटीला चालत जाऊ. काठावर जाळी सारखी करत एक कोळीण बसली होती. ती म्हणाली, "दादा, हितून नका उतरू."

हैबतीच्या खेळाडूने आवाज जराही चढवला नाही. हिशेब समजावून सांगावा तसं म्हणाला, "मावशी, आज अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. सूर्य डोक्यावर आलाय बघा."

हिशेब बरोबर होता. तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढायची ही आपल्याकडची किनाऱ्यावरची जुनी रीत, आणि भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते त्याच्याशी ती जुळते.

मी कोळिणीच्या तोंडून म्हटलं, "पाण्याचं कोन बोलतंय?"

आणि हैबतीने "मग कशाचं?" असं विचारलं नाही.

त्या सेशनमधला मला सगळ्यात आवडलेला क्षण तो. खेळाडूला पक्कं ठाऊक होतं की इथे काहीतरी आहे. पात्राला प्रश्न पडलाच नाही. त्याने वहाणा काढून पार्टीतल्या पोराच्या हातात दिल्या, धोतर वर खोचलं, चोपडी काखेत मारली आणि "माझ्या मागोमाग या" म्हणून चालायला लागला. तांडेल काठावरच थांबला आणि कमरेचा दोर सोडायला लागला. कुणी एक शब्द बोललं नाही.

तिवरांच्या पलीकडे ओहोटीला जो चिखल उघडा पडतो त्यात माणूस मांडीपर्यंत जातो. हैबतीची ताकद ८, म्हणजे रोलमध्ये उणे १. बाहेर निघायला १५ हवे होते, संधी २५ टक्के. पडला ९. दोर टाकला, ओढला, माणूस निघाला, चोपडी गेली. तीन वर्षांच्या नोंदी. काठावर आल्यावर अंगावरचा चिखल निपटत तो म्हणाला, "वेळ बरोबर होती."

आणि वेळ खरोखरच बरोबर होती. म्हणूनच तो पुढच्या वेळीही असंच करील.

यातून खेळाडूने घ्यायचं ते असं. फाजील आत्मविश्वास दाखवायच्या जागा फाशाच्या अलीकडे आणि पलीकडे आहेत. अलीकडे: कुठला प्रश्न विचारला नाही, कुणाची मदत घेतली नाही, कुठली तयारी टाळली, कुणाला मागे चालायला लावलं. पलीकडे: जे झालं त्याचं कारण काय दिलं. फासा हवेत असताना आरडाओरडा करून काही साधत नाही. आणि यात भाषण कुठेच नाही. चार तासांचं सेशन असतं, त्यातून दोघांना नेरूळला परतायची ट्रान्सहार्बर लोकल गाठायची असते. पाच-पाच मिनिटांच्या बढाया ऐकत बसायला वेळ कुणाकडे आहे?

संकट दिसलं की पात्र शहाणं होतं

खेळाडू पात्राला वाचवायला धडपडतो, त्यात गैर काही नाही. त्याला बळजबरी करण्याऐवजी चुकीच्या बाजूने जाण्यात काहीतरी मिळेल अशी व्यवस्था करा. नियमावल्यांनी हे काम बऱ्याच अंशी करून ठेवलं आहे.

गर्प्स ही १९८६ सालची नियमावली. तिच्यात फाजील आत्मविश्वास हा नोंदवायचा दोषच आहे, किंमत उणे ५ गुण; म्हणजे तो घेतला की ते गुण दुसरीकडे वापरायला मोकळे. त्यातला रोल कधी टाकायचा ते पाहण्यासारखं आहे. पात्र धाडस करतं तेव्हा रोल नसतो. गेम मास्टरच्या मते पात्र नको तेवढं सावध वागायला लागलं की तेव्हा तीन फासे टाकून स्वतःवर ताबा आहे का ते बघायचं. ताब्याचा आकडा १२ घेतला तर सुमारे ७४ टक्के वेळा सावधपणा साधतो, म्हणजे दोष सौम्य. ९ घेतला तर साडेसदतीस टक्के, म्हणजे चांगलाच जाच. मी नव्या खेळाडूला १२ सुचवते. त्याच नियमात आणखी एक बारकावा आहे: अशा पात्राला भोळी किंवा तरुण माणसं जास्त मान देतात, प्रतिक्रियेच्या रोलला अधिक २, मुरलेली माणसं नाक मुरडतात, उणे २. हे कुठल्याही खेळात वापरता येतं. चौकीवरचे उमेदवार हैबतीच्या शब्दाला मान देतात. जुने दर्यावर्दी त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत.

फेट या नियमावलीत पात्राच्या स्वभावाचं एक वाक्य असतं, आणि गेम मास्टर ते वाक्य पुढे करून म्हणू शकतो की "तुझा स्वभाव बघता तू आत्ता कुणाला न विचारता उतरशील." खेळाडूने मान्य केलं तर त्याला एक फेट पॉइंट, म्हणजे पुढे वापरता येणारा गुण, मिळतो, नाकारायचं असेल तर पदरचा एक खर्च करावा लागतो. सौदा उघड, सगळ्यांसमोर. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत स्वभावदोषाचा रकाना आणि त्याप्रमाणे वागल्यास इन्स्पिरेशन नावाचं बक्षीस आहे, पण बरेच गट ते द्यायलाच विसरतात. दिलं तरी सगळं आटोपल्यावर देतात. निर्णयाच्या क्षणी द्या. कोळिणीला प्रश्न न विचारल्याबद्दल हैबतीला मी ते तिथल्या तिथे दिलं, चिखल दिसायच्या आधी.

चूक एकाची, मार सगळ्यांना

"माझं पात्र असंच आहे" हे वाक्य ज्या टेबलावर ऐकू येतं तिथे हा बिघाड आहे, हे मी छातीठोकपणे सांगते. पात्र असंच आहे हे खरं, पण त्याला कुठल्या प्रसंगात घालायचं हे खेळाडूच्या हातात असतं.

माझ्या टेबलावर दोन गोष्टी पहिल्याच बैठकीत ठरतात. चुकीचा पहिला फटका चूक करणाऱ्याला बसला पाहिजे: त्याची वस्तू, त्याची अब्रू, त्याची जखम. चोपडी हैबतीची गेली, दारूगोळ्याची पिशवी गेली असती तर पुढची दोन सेशन सगळ्यांची वाया गेली असती. तसं होण्याची शक्यता असेल तेव्हा खेळाडू पात्र बाजूला ठेवून विचारतो, "हैबती आता असं करणार, चालेल ना?" कुणी नको म्हटलं तर दुसरी वाट काढायची, चर्चा नाही. दुसरं ठरलेलं म्हणजे बाकीच्या पात्रांना त्याला थोपवता आलं पाहिजे, आणि खेळाच्या आतच. तांडेलाने दोर सोडला तसं. एखादीने खांद्यावर हात ठेवून "हैबतीराव, चौकीचा हिशेब तुम्ही बघा, वाट मी बघते" म्हटलं तर खेळाडूने ते स्वीकारायला शिकलं पाहिजे. पात्र कुरकुरत मागे राहील, मान वेळावेल, आणि ते बघायलाही रंगत येते.

गेम मास्टरकडून एक खबरदारी: अशा पात्राला दर वेळी धडा शिकवायला जाऊ नका. दर फुशारकीला शिक्षा झाली की खेळाडू पुढे फुशारकी मारत नाही आणि तुम्ही पात्र आपल्या हाताने संपवता.

नुसता विदूषक

इथे आवाज कमी करायचा, एवढंच. १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांनी केलेला अभ्यास बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो, पण त्यातले आकडे पात्र रंगवणाऱ्याने मुद्दाम बघावेत. चाचणीत जे सगळ्यात खालच्या चतुर्थांशात होते ते प्रत्यक्षात बाराव्या शतमकावर (म्हणजे शंभरातल्या साधारण बाराजणांच्याच पुढे) होते आणि स्वतःला बासष्टाव्या शतमकाच्या आसपास धरत होते. म्हणजे कुणीही स्वतःला जगज्जेता समजत नव्हतं. चार लोकांपेक्षा आपण जरा बरे, एवढंच. आणि जे खरोखर वरच्या चतुर्थांशात होते ते स्वतःला थोडं कमी लेखत होते.

दोन्ही गोष्टी थेट वापरा. पात्राच्या तोंडी "मी सर्वश्रेष्ठ" घालू नका, "एवढं तर येतंच की" घाला. गर्प्सचा नियमही सांगतो की असा माणूस गर्विष्ठ असेल किंवा शांतपणे ठाम असेल, दोन्ही चालतं. बहुतेक खेळाडू पहिला घेतात, दुसरा कितीतरी जास्त टिकतो. आणि त्याच्या शेजारी जो खरा जाणकार आहे त्याला जरा साशंक ठेवा. आमचा तांडेल प्रत्येक वेळी "बघतो, जमलं तर" म्हणतो. त्याच्यासमोर हैबतीने आवाज चढवायची गरजच पडत नाही.

किती दिवस असंच?

लांब चालणाऱ्या खेळात हा प्रश्न येतोच. पुन्हा राजपुत्र उत्तराकडे वळते, कारण त्याच्या गोष्टीचा पुढचा भाग गेम मास्टरला जास्त कामाचा आहे. पळणाऱ्या उत्तराला अर्जुन गाठून परत आणतो आणि रथावर बसवतो, पण आता जागा बदललेल्या: अर्जुन लढणार, उत्तर सारथ्य करणार. आणि ते काम उत्तर निभावतो. गैरसमज मोडल्यावर त्याला बसायला एक खरी जागा मिळाली. तुमच्या पात्रालाही ती जागा लागते, नाहीतर गैरसमज मोडण्याचा प्रसंग नुसता अपमान होऊन राहतो.

तिकडे राजवाड्यात विराट राजाला वाटतंय की पोराने कौरवांना हरवलं. तो कंकाबरोबर, म्हणजे वेश पालटलेल्या युधिष्ठिराबरोबर, द्यूत खेळत बसला आहे आणि मुलाचे गोडवे गातो आहे. कंक म्हणतो, बृहन्नडा सारथी असल्यावर कोण जिंकणार नाही? राजा संतापून हातातला फासा त्याच्या तोंडावर मारतो, नाकातून रक्त येतं, सैरंध्री, म्हणजे वेश पालटलेली द्रौपदी, ते जमिनीवर पडू न देता भांड्यात धरते. उत्तर येतो तेव्हा तो मात्र सांगतो की हे मी केलं नाही. मुलगा सावरलेला, बाप अजून हवेत. पात्राला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारी माणसं खेळात असतात ती अशी, आणि त्यांना ठेवायलाच हवं. हैबतीचा एक मामा आहे, कल्याणला. त्याच्या तोंडी भाच्याची कीर्ती वाढतच चालली आहे. पात्र खरं बोलायला तयार झालं की ते पहिल्यांदा कुणासमोर बोलावं लागेल? मामासमोर. तो प्रसंग आमच्याकडे अजून व्हायचा आहे.

बदलाची वेळ खेळाडूला ठरवू द्या. तुम्ही फक्त तीन गोष्टी तयार ठेवा: त्याचं जे खरं कौशल्य आहे ते निर्णायक ठरेल असा एक प्रसंग, त्याच्यावर विश्वास ठेवून अडचणीत आलेलं एक माणूस, आणि ज्याची मदत त्याने नाकारली होती त्याच्याकडे परत जायची एक वाट. हैबतीसाठी पहिली गोष्ट मी लिहून ठेवली आहे: पोर्तुगीज गोदामाची एक यादी, जिच्यातली दारूच्या पिंपांची बेरीज जुळत नाही. तांडेलाला ती वाचता येणार नाही. हैबतीला दोन ओळींत चोरी दिसेल, आणि तिथे मी त्याला फासा टाकायला लावणार नाही.

एवढं करूनही गट कंटाळलेलाच असेल, तर खेळाडूशी बोलून पात्राला छावणीच्या हिशेबावर बसवा आणि त्याला नवं पात्र घेऊ द्या. हैबतीसारखा माणूस एनपीसी, म्हणजे गेम मास्टरने चालवलेलं पात्र, म्हणूनही उत्तम चालतो: पार्टी सल्ला मागायला जाईल आणि त्याच्या सल्ल्यातलं अर्धं खरं असेल. कुठलं अर्धं, ते पडद्याआड टाकून ठरवा.